नाकावरची जखम आणि नोंदवहीतला रकाना

मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. विदर्भातल्या ज्या सरकारी रुग्णालयात मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करीत होते, तिथल्या कोविड वॉर्डातले कूलर संसर्ग पसरण्याच्या भीतीने बंद ठेवलेले होते. त्वचारोगाची ओपीडी जवळपास थांबलेली असल्याने इतर शाखांच्या डॉक्टरांप्रमाणे माझीही ड्युटी कोविड वॉर्डात लागली होती. दुपारी पाळी बदलताना डॉफिंगच्या, म्हणजे अंगावरचे संरक्षक किट उतरवण्याच्या, खोलीबाहेर एक स्टाफ नर्स रुमालाने नाक टिपत उभ्या होत्या आणि त्या रुमालावर फिकट गुलाबी डाग पडला होता. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काही नाही मॅडम, गॉगलनं थोडं सोललंय. सगळ्यांनाच होतंय.’

त्या एका जखमेचा माग काढताना वॉर्डातल्या पाळ्या, किटचा पुरवठा, मास्क बसवण्याची पद्धत आणि मेडिकल दुकानातून परस्पर आणलेली एक मलमाची ट्यूब असे सगळे समोर आले, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. ओळख पटू नये यासाठी सिस्टरांचे वय, पाळ्यांचे दिवस आणि काही तपशील बदलले आहेत.

तपासणीत काय दिसले

नाकाच्या हाडावर, चष्मा जिथे टेकतो नेमक्या त्या जागी, साधारण आठ मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद अशी उथळ जखम होती. वरची त्वचा निघून गेली होती आणि खालचा भाग लालसर, ओलसर होता. पू, पिवळा थर किंवा काळी खपली नव्हती. दाबामुळे होणाऱ्या इजांच्या चार पायऱ्यांपैकी ही दुसरी पायरी. दोन्ही गालांवर गॉगलच्या कडेने कमानीसारखी रेघ उमटली होती आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती फिकी पडत नव्हती, म्हणजे त्वचा वरून शाबूत असली तरी आत इजा सुरू झाली होती. हातांच्या पेरांवर बारीक भेगा होत्या, पंजांची पाठ खरखरीत झाली होती. उजव्या मनगटावर मात्र वेगळ्याच प्रकारची इजा होती: त्वचेचा पातळ पापुद्रा सुटून एका बाजूला गोळा झाला होता आणि खालून कच्चा भाग उघडा पडला होता.

एकाच व्यक्तीच्या अंगावर या तीन वेगळ्या इजा होत्या आणि तिन्हींची कारणे वेगळी होती. नाक आणि गालांवरची इजा दाबाची, हातांवरची वारंवार धुण्याने आणि रसायनाने झालेली, तर मनगटावरची चिकटपट्टीने ओढल्यामुळे झालेली होती. ‘किटमुळे त्वचा खराब झाली’ असे मोघम म्हटले की हा फरक पुसला जातो आणि मग तिन्हींवर एकच मलम चोळले जाते. या सिस्टरांनीही नेमके तेच केले होते.

गालावरच्या रेघेबद्दल इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. दाबाच्या इजेची पहिली खूण म्हणून पुस्तकांत ‘लाली’ दिलेली असते आणि छायाचित्रे बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात. आपल्याकडच्या सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ती लाली सहसा दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किंचित गडद, जांभळट छटा दिसते आणि कधी तीही दिसत नाही. बोटाने चाचपल्यावर तो भाग शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा भुसभुशीत लागतो आणि दुखतो. सिस्टरांच्या गालावरची रेघ मी आधी नजरेने नव्हे, बोटाने ओळखली. वॉर्डातल्या इतरांनी स्वतःला आरशात पाहून ‘मला काही नाही’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत ते खरे नव्हते.

मागची हकिकत

सहा तासांची पाळी कागदावर सहा तासांचीच होती. प्रत्यक्षात किट चढवणे, आधीच्या पाळीकडून हँडओव्हर घेणे, पुढच्या पाळीची माणसे किट घालून आत येईपर्यंत थांबणे आणि मग डॉफिंगच्या रांगेत उभे राहणे हे सगळे धरले तर मास्क चेहऱ्यावर सात-साडेसात तास राहत होता. एका पाळीला एकच किट मिळत असे. मध्ये बाहेर आले तर ते किट वाया जाणार, म्हणून पाणी पिणे किंवा शौचालयात जाणे टाळले जाई. सिस्टर पाळीच्या आधी दोन तास पाणी पिणेच बंद करीत. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. किट वाया घालवू नये ही त्यांची स्वतःची शिस्त होती. मार्च २०२० पर्यंत पूर्ण अंगाची किट देशात जवळपास तयारच होत नव्हती आणि मेच्या मध्यापर्यंत दिवसाला लाखांत तयार होऊ लागली, ही बातमी आम्ही सर्वांनी वाचली होती. पण जिल्ह्याच्या गोदामातून वॉर्डापर्यंत येणारी संख्या तेव्हाही मोजूनच येत होती.

किटचे कापडही समजून घ्यायला हवे. रक्त आणि इतर द्रव आत झिरपू नये यासाठी प्लास्टिकचा थर चढवलेले हे न विणलेले कापड असते आणि शिवणींवर वरून पट्टी चिकटवलेली असते. बाहेरचा द्रव आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. बंद कूलरच्या वॉर्डात तासाभरात बनियन चिंब होत असे आणि घाम कपाळावरून ओघळून गॉगलच्या खालच्या कडेला साचत असे. त्या सिस्टरांच्या सोबतच्या एका ब्रदरना जांघेत नायटा झाला होता, अनेकांच्या पाठीवर घामोळे होते. ते दुखणे सांगायला लाज वाटते म्हणून ते आणखी मागे राहिले होते.

चौथ्या-पाचव्या पाळीनंतर सिस्टरांच्या नाकावर जळजळ सुरू झाली. तेव्हा त्यांनी तीन उपाय केले. पहिला, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणून रोज रात्री नाकाला आणि गालांना लावली. दुसरा, पाळीवर जाताना नाकावर व्हॅसलीनचा जाड थर दिला. तिसरा, तेवढ्यानेही भागेना तेव्हा कापसाची घडी मास्कच्या पट्टीखाली ठेवली.

ती ट्यूब मी मागवून पाहिली. त्यात तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र होते. अशी मलमे आपल्या गावोगावच्या दुकानांत ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळतात. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांच्या मलमांना शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या, बंधनात आणले, तरी काउंटरवर फारसे काही बदलले नाही. तीव्र स्टेरॉइडने सुरुवातीला जळजळ शमते, म्हणून माणसाचा त्यावर विश्वास बसतो. पण चेहऱ्याची त्वचा त्याने पातळ होत जाते, आणि पातळ झालेल्या त्वचेची दाब सोसण्याची ताकद आणखी कमी होते. ज्या औषधाने बरे वाटत होते तेच जखमेला वाट करून देत होते.

नाकाच्या हाडावर काय घडते

नाकाच्या पुलावर त्वचा आणि हाड यांच्यामध्ये चरबीचा थर जवळजवळ नसतो. एन-९५ मास्कच्या वरच्या कडेला धातूची पातळ पट्टी असते आणि ती नाकाच्या आकारात वळवल्याशिवाय मास्क नीट बसत नाही. सिस्टर मास्क कसा बसवतात ते मी त्यांना समोर करून दाखवायला सांगितले. त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पट्टी धरून जोराने दाबली. चिमटीने पट्टीला मधोमध टोकदार कोन आला आणि सगळा भार नाकाच्या मध्यरेषेवर एका रेघेत आला. त्यावर त्यांनी गॉगल चढवला. गॉगलची कडक खालची कड बरोबर त्या धातूच्या पट्टीवर बसली, आणि गॉगल सैल पडू नये म्हणून त्यांनी मागचा पट्टा आणखी दोन घरे आवळला. म्हणजे एकाच जागी खाली हाड, वर धातू, त्यावर गॉगल आणि मध्ये घामाने भिजलेली त्वचा.

सततच्या दाबाने तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशींना रक्त पोचत नाही, हे कारण सर्वांना माहीत असते. त्याहून आधी आणखी एक गोष्ट घडते: पेशींचा आकारच दाबाने विद्रूप होतो आणि रक्तपुरवठा तुटण्याची वाट न पाहता त्या मरू लागतात. ओल्या त्वचेचे घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा अधिक असते, त्यामुळे बोलताना, मान वळवताना मास्क किंचित सरकला की वरचा थर एका दिशेला आणि खालचा दुसऱ्या दिशेला ओढला जातो. दाब, ओलावा आणि ओढ ही तिन्ही एकत्र आली की दोन तासांत जे सुरू होते त्याची सात तासांत जखम होते.

अमेरिकेतील दाबजन्य इजांविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये ‘दाबाचा व्रण’ ही जुनी संज्ञा सोडून ‘दाबाची इजा’ ही संज्ञा स्वीकारली, कारण पहिल्या पायरीत त्वचा फुटलेली नसते. वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडाशी अशी इजा दिसली की परिचारिकेला जाब विचारला जातो, दर दोन तासांनी कूस बदलली का हे विचारले जाते. तीच इजा परिचारिकेच्या नाकावर झाली की तिचे छायाचित्र काढून ‘कोरोना योद्धा’ म्हणून सगळीकडे फिरवले जाते. त्या छायाचित्रांमागचा आदर खरा होता यात मला शंका नाही. पण एकदा जखमेला मानाची खूण म्हटले की तिच्याबद्दल तक्रार करणे अवघड होते, आणि या सिस्टरांच्या बाबतीत ते मी डोळ्यांनी पाहिले.

इतरत्र काय आढळले होते

हा त्रास नवा नव्हता. सिंगापूरमध्ये सार्सच्या साथीनंतर आरोग्य कर्मचाऱ्यांची जी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात नियमित मास्क वापरणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के जणांनी त्वचेच्या तक्रारी सांगितल्या होत्या. मुरुमे, खाज आणि पुरळ या त्यांतल्या प्रमुख. २०२० च्या सुरुवातीला चीनच्या हुबेई प्रांतात आघाडीवर काम करणाऱ्या ५४२ जणांच्या पाहणीत ९७ टक्के जणांना त्वचेची काही ना काही हानी झालेली आढळली आणि सर्वाधिक वेळा ती नाकाच्या पुलावर होती. चीनमधल्याच १६१ रुग्णालयांतील ४३०६ कर्मचाऱ्यांच्या दुसऱ्या पाहणीत हेच प्रमाण ४२.८ टक्के निघाले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी गोंधळून जाऊ नये. पहिल्या पाहणीत कोरडेपणा आणि त्वचा ताणल्यासारखी वाटणेही धरले होते. दुसरीत दाबाची इजा, ओलाव्याने झालेली हानी आणि त्वचा फाटणे एवढेच मोजले होते. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते दोन्हींमध्ये समान असलेले निरीक्षण: तास वाढले की इजा वाढते. एका पाहणीत सहा तासांपुढे, दुसरीत चार तासांपुढे धोका वाढलेला दिसला, आणि भरपूर घाम येणे हेही दुसऱ्या पाहणीत स्वतंत्र कारण म्हणून पुढे आले. आमच्या वॉर्डात दोन्ही होते.

काय केले

सर्वप्रथम कापूस काढला. मास्कची पट्टी आणि त्वचा यांच्यामध्ये काहीही जाड ठेवले की फट राहते आणि श्वासाबरोबर गाळलेली नसलेली हवा त्या फटीतून आत येते. सिस्टरांनी कापसासह मास्क घालून दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि जोरात श्वास सोडला, तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यांशी हवा लागल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. किती पाळ्या त्यांनी असा मास्क घालून केल्या होत्या हे विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. व्हॅसलीनचेही तसेच आहे. त्याने मास्क घसरतो आणि बैठक सुटते. त्वचा वाचवण्याच्या धडपडीत माणूस संसर्गापासूनचे संरक्षण गमावतो, म्हणून ही जखम त्वचेपुरती राहत नाही. शिवाय दुखणाऱ्या, खाजणाऱ्या जागेकडे हात वारंवार जातो, आणि कोविड वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा हात चेहऱ्याकडे जाणे हाच तर टाळायचा प्रसंग.

उघडी जखम असताना त्यावर पुन्हा एन-९५ आणि गॉगल चढवणे योग्य नव्हते. त्यांना वॉर्डाबाहेरचे काम द्यावे असे मी लिहून दिले आणि त्या नाराज झाल्या. ‘नाकाला खरचटलं म्हणून सुट्टी घेतली म्हणतील मॅडम. माझ्या जागी जी जाईल तिची पाळी कोण करणार?’ हा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. ते उत्तर इन्चार्ज सिस्टरांनी काढले. नातेवाइकांना फोनवरून रुग्णाची खबर देण्याचे काम तोवर ज्याला वेळ मिळेल तो करीत असे. ते त्यांनी या सिस्टरांकडे आठ दिवसांसाठी सोपवले. त्यामुळे वॉर्डातल्या इतरांचा भार प्रत्यक्षात कमी झाला आणि ‘सुट्टी’ हा शब्द कोणी वापरला नाही.

उपचार साधे होते. जखम सलाइनने स्वच्छ करून पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेतला ओलावा धरून ठेवणारी) लावली आणि ती दोन-तीन दिवसांनी बदलली. ट्यूब बंद केली. बंद केल्यावर चेहरा काही दिवस लाल होईल, आग होईल, तेव्हा पुन्हा तिच्याकडे वळू नका हे आधीच सांगून ठेवले, आणि तसे झालेही. मनगटावरचा सुटलेला पापुद्रा कापून न टाकता ओल्या गॉजने हळूच जागेवर पसरवला आणि न चिकटणारी पट्टी बांधली. हातांसाठी सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस आणि साधे पॅराफिनचे मलम दिवसातून अनेकदा, असे दिले.

हातांच्या बाबतीत एक गैरसमज खोलवर रुजलेला होता. सिस्टर आधी साबणाने हात धूत, मग ते ओले असतानाच त्यावर सॅनिटायझर चोळत, म्हणजे ‘दुहेरी खात्री’. हात दिसण्याइतके मळलेले नसतील तर अल्कोहोलचे द्रावण पुरेसे असते आणि ते साबणापेक्षा त्वचेला कमी त्रास देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १.४५ टक्के ग्लिसरॉल त्वचेसाठीच घातलेले आहे. भेगांवर ते झोंबते म्हणून लोकांना तेच अधिक घातक वाटते, पण भेगा पाडलेल्या असतात साबणाने.

वॉर्डात झालेले बदल

पाळी कमी करणे माझ्या हातात नव्हते. मास्क चेहऱ्यावर राहण्याचा वेळ मात्र कमी करता आला. पुढच्या पाळीने अर्धा तास आधी किट चढवून आत यायचे आणि हँडओव्हर आतच पण पाहणीच्या फेरीसोबत घ्यायचा, एवढ्याने बराच फरक पडला. दर दोन तासांनी मास्क उतरवून चेहऱ्याला विश्रांती द्यावी असा सल्ला तेव्हा ब्रिटनमध्ये दिला जात होता. एका पाळीला एकच किट असलेल्या वॉर्डात तो जसाच्या तसा आणणे शक्य नव्हते. जून अखेरीस किटचा पुरवठा सुधारल्यावर पाळीच्या मध्यावर एकदा बाहेर येऊन पाणी पिण्याची मुभा मिळाली, आणि माझ्या मते सगळ्या उपायांत तोच सर्वांत मोठा होता.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या. नाकाची पट्टी चिमटीने न दाबता दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेरच्या बाजूला घासत बसवायची. जिथे परवानगी होती तिथे गॉगलऐवजी फेस शिल्ड, म्हणजे एका जागेवरचा दुहेरी भार जातो. सिस्टरांच्या अरुंद नाकाला कपासारखा मास्क बसत नव्हता, बदकाच्या चोचीसारखा घडीचा मास्क बसला. किट चढवण्याच्या अर्धा तास आधी, घरून निघताना, हलके मॉइश्चरायझर लावून ते पूर्ण मुरू द्यायचे. नाकावर पट्टी लावायचीच असेल तर अगदी पातळ, आणि लावल्यावर प्रत्येक वेळी श्वास सोडून मास्कची बैठक तपासायची. हवा लागली तर पट्टी काढायची, मास्क सैल सोडायचा नाही.

ग्लोव्हज आणि किटची बाही यांच्या सांध्यावर खाकी चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय पहिल्या महिन्यात सगळीकडे पडली होती. भीतीपोटी पडली होती, म्हणून ती मोडताना कोणाला दोष दिला नाही. लांब कफाचे ग्लोव्हज बाहीवर चढवले की पट्टीची गरज उरत नाही हे दाखवल्यावर ती थांबली.

वॉर्डातल्या मावशींची गोष्ट याच काळात कळली. फरशी पुसण्याचे एक टक्का हायपोक्लोराइट फवारणीच्या पंपात भरून बाहेर पडताना त्या किटवर मारून घेत होत्या आणि ते बाहीतून आत झिरपून हातांवर चट्टे उठले होते. माणसांवर असे द्रावण फवारू नये अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच काढली होती. ती कार्यालयापर्यंत आली होती, मावशींपर्यंत आली नव्हती. सिस्टरांच्या नाकाची चौकशी झाली म्हणून मावशींनी हात दाखवले, नाही तर त्यांनी ते कधीच दाखवले नसते.

रकाना

सुई टोचली तर रुग्णालयात नोंदवही असते, अर्ज असतो, पुढच्या तपासण्या ठरलेल्या असतात. कोविडच्या कामात मृत्यू आल्यास केंद्र सरकारने ५० लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले होते. कामावर असताना मास्कने झालेली जखम मात्र कुठल्याच कागदावर येत नव्हती. सिस्टरांची जखम नोंदवायला मी गेले तेव्हा ती कुठे लिहायची हेच कोणाला सांगता येईना. शेवटी संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांनी सुई टोचण्याच्या नोंदवहीतच हाताने एक रकाना आखला: इजेची जागा, प्रकार, त्या दिवशी मास्क किती तास होता, आणि मास्कचा नमुना.

नाकावरची जखम आठ दिवसांत भरली. तिथला तपकिरी डाग दिवाळीपर्यंत टिकला. आपल्या त्वचेवर असे डाग जखमेपेक्षा जास्त काळ राहतात आणि सनस्क्रीन व सबुरी यांपलीकडे त्यावर घाईने काही करू नये. सिस्टर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वॉर्डात परतल्या.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत कंत्राटी कर्मचाऱ्यांची नवी तुकडी आली, तेव्हा त्या रकान्यात एकाच आठवड्यात मनगटाच्या दोन नोंदी आल्या. ग्लोव्हजच्या सांध्यावर चिकटपट्टी पुन्हा सुरू झाली आहे हे आम्हाला त्या नोंदींवरून कळले, आणि त्याच संध्याकाळी डोनिंगच्या, म्हणजे किट चढवण्याच्या, खोलीत जाऊन या सिस्टरांनी नव्या मुलींना लांब कफाचे ग्लोव्हज बाहीवर कसे चढवायचे ते करून दाखवले.